रिकामा डबा

संजीवनी केंद्रेच्या नाकाचा उदगीरच्या त्या गल्लीत दरारा होता. कुणाचं दूध उतू गेलं, कुणाची डाळ बुडाला लागली, कुणी उपवासाच्या दिवशी गुपचूप भजी तळली, हे तिला आपल्या ओट्यावर बसल्या बसल्या कळायचं. त्यामुळे शेजारणी तिला जपून असत. पण घरात लग्नकार्य निघालं की त्याच शेजारणी तिच्या दारात उभ्या, कारण येसर करावं तर संजीवनीनंच.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना येसर सांगायला हवं. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, लवंग, मिरे, दगडफूल असं सगळं वेगवेगळं भाजायचं आणि एकत्र दळायचं. त्या पिठाची झणझणीत आमटी झाली नाही तर आमच्याकडे लग्न लागलं असं कुणी मानत नाही. भाजणं हेच सगळं कसब. संजीवनी भाजताना चाखत नसे, कारण घाण्याचा पहिला वाटा देवीला जायचा आणि त्याआधी उष्टं करायचं नाही, ही तिच्या सासूची शिकवण. मग पारख करायची कशानं? नाकानं. कढईवर वाकून ती एक श्वास घ्यायची आणि म्हणायची, "हसले धने. उतरवा." कच्चे धने गप्प असतात, जळलेले रडतात, त्यांच्या मधोमध एक क्षण हसतात, असं तिचं म्हणणं.

नवरा गेल्यावर ती दिराच्या घरात राहिली ती याच हसऱ्या धन्यांच्या जोरावर. धाकटा दीर माधव तिला मानायचा, पण मान वेगळा आणि स्वतःचं काही असणं वेगळं. "येसर आहे म्हणून मी या घरात पाहुणी नाही," असं ती एकदा बहिणीजवळ बोलली होती.

हे येसर ओट्यावरून देशभर नेलं ते धाकट्या जावेनं, शर्वरीनं. लातूरला शिकलेली, बोटं फोनवर सरसर चालणारी ही मुलगी लग्न होऊन आली, तिनं पहिली आमटी ओरपली आणि म्हणाली, "अक्का, हे फक्त गल्लीनं खायचं म्हणजे अन्याय हाय." तिनं 'घरपेठ' नावाच्या ऑनलाइन बाजारात दुकान मांडलं. अक्का भाजणार, शर्वरी विकणार. बघता बघता पुण्या-नागपूरहूनच काय, परदेशातूनही मागण्या येऊ लागल्या. दोघी जावा एका ताटात जेवू लागल्या, आणि जावा-जावांचं भांडण बघायला टपलेल्या गल्लीची निराशा झाली.

त्या काळात पार्सलसाठी प्लास्टिक बंद झालं होतं. माल जायचा तो स्टीलच्या डब्यातून, आणि गिऱ्हाइकानं रिकामा डबा परत पाठवायचा असा कायदा होता. डब्यापेक्षा नवलाची गोष्ट म्हणजे त्याचं झाकण. झाकणाला नाक होतं.

ते असं. आपल्या नाकात वरच्या बाजूला काही प्रथिनं असतात. वासाचा कण हवेतून येऊन त्यांच्यापैकी ज्याला जुळेल त्याला चिकटतो, आणि मेंदूकडे वर्दी जाते. तशीच प्रथिनं प्रयोगशाळेत वाढवून झाकणाच्या आत नखाएवढ्या चकतीवर बसवली होती. कण चिकटला की चकतीतून बारीकसा विद्युतप्रवाह वाहायचा. लवंगेचा वेगळा, जिऱ्याचा वेगळा. हे सगळे प्रवाह मिळून पडद्यावर एक वेडीवाकडी रेघ उमटायची, तिला म्हणायचे गंधरेषा. गिऱ्हाइकानं डबा उघडला की त्याच्या फोनवर कळायचं की आजचं येसर मागच्या येसराशी जुळतं की नाही. भेसळ करणाऱ्यांचे धाबे दणाणले आणि घरोघरच्या हाताला भाव आला.

एक अडचण मात्र होती. डबा भरणाऱ्या माणसालाही वास असतो. हाताचा, घामाचा, श्वासाचा. तो येसरात मिसळला तर रेघ बिघडते. म्हणून झाकण आधी माणसाला हुंगून घ्यायचं आणि मग त्याला हिशेबातून वजा करायचं. डबा बंद करताना ते दर वेळी विचारायचं, "माणूस वजा करू?" आणि संजीवनी दर वेळी 'हो' दाबायची. हे वजा केलेलं कायद्यानं ज्याचं त्याच्याच कुलपात राहायचं, त्याच्या अंगठ्याशिवाय कुणाला दिसायचं नाही. बघणार तरी कोण? भाजी निवडल्यावर देठांकडे कोण वळून बघतं?

बरीच वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एका दिवाळीनंतर फोनवर पहिला शेरा आला, 'गंधरेषा जुळत नाही.'

"धने निबर आलेत औंदा," संजीवनी म्हणाली. व्यापारी बदलला. पुढच्या घाण्यालाही तोच शेरा. मग तिनं पावसाला दोष दिला, मग गिरणीच्या जात्याला. आणि येसर फिकं वाटतंय म्हणून दगडफूल वाढवलं, मग लवंग वाढवली. नाचता येईना अंगण वाकडं, असं गल्लीतल्या एखादीनं म्हटलं असतं, पण खुद्द संजीवनीबद्दल असं बोलायची कुणाची छाती नव्हती.

शर्वरीला तर येसर उग्र लागत होतं. तिनं आडून सुचवून बघितलं. "अक्का, दगडफूल जरा जास्त पडलं का?"

"तू आता मला दगडफूल शिकवायलीस?"

विषय तिथंच मिटला, पण शेरे थांबेनात. गिऱ्हाइकं एकेक करून गळू लागली. शेवटी घरपेठेनंच एक तोडगा कळवला. गंधरेषेवर चालणारी एक भट्टी निघाली होती. जुन्या चांगल्या येसराची रेघ तिला द्यायची, आणि ती तसंच्या तसं भाजून देणार. शर्वरीनं भीत भीत ही गोष्ट काढली आणि घरात वणवा पेटला.

"असं व्हय! आता कळलं मला झाकणं का कुरकुरायलीत ते. तूच काहीतरी करून ठेवलंस त्यांना. अक्काला काढायचं आणि भट्टी बसवायची!"

"अक्का, देवीची शपथ—"

"देवीला मधी आणू नको. खोटारडी हायेस तू!"

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. निरोप माधवमार्फत जायचे. "माधव, सांग तिला, धने संपलेत." शर्वरी तिथंच समोर उभी असायची. "सांगा अक्कांना, मागवलेत." तो बिचारा सुपारीसारखा अडकित्त्यात सापडला. एका ताटातलं जेवण दोन खोल्यांत गेलं, आणि घर दोघींनाही खायला उठलं.

या पडत्या काळातही एक गिऱ्हाईक टिकून होतं. गुहागरच्या नलिनी खोत. मूळच्या लातूरच्या, मास्तरीण म्हणून कोकणात गेल्या, तिथंच लग्न केलं आणि तिथंच म्हाताऱ्या झाल्या. येसर म्हणजे त्यांचं माहेर. त्यांची एक रीत होती. दुसऱ्याच्या घरचा डबा रिकामा परत करायचा नाही. कायदा म्हणायचा रिकामा डबा पाठवा, आणि नलिनीबाई त्यात कधी आमसुलं घालायच्या, कधी फणसपोळी, कधी दोन जायफळं. घरपेठेकडून दर वेळी सूचना यायची, 'परत डब्यात बाह्य पदार्थ आढळला.' नलिनीबाई तिला भीक घालत नसत. "मेल्यांनो, वानोळा म्हणतात त्याला!" असं त्यांनी एकदा घरपेठेला लिहून कळवलं होतं म्हणे.

संजीवनी त्या डब्याची लेकीच्या पत्रासारखी वाट बघायची. बाकीची गिऱ्हाइकं शेरे मारत असताना नलिनीबाईंच्या डब्यातली मूठभर आमसुलंच तिला सांगायची की, बाई, तुझ्या हातात अजून आहे काहीतरी.

तर त्या दुपारी नलिनीबाईंचा डबा आला. शर्वरी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. माधव दाराशी चपला चढवत होता. संजीवनीनं ओट्यावर बसून घाईघाईनं झाकण काढलं आणि आत बघितलं. तळाशी नुसतं स्टील चमकत होतं. तिनं डबा तिरका केला, हात घालून चाचपला. काही नाही.

इतकी वर्षं कधी झालं नव्हतं ते झालं. नलिनीबाईंनी डबा रिकामा पाठवला होता.

घरपेठेचे शेरे तिनं झाडून टाकले होते, जावेवर आळ घेतला होता, पण येसराला माहेर मानणारी ही बाई खोटं कशी बोलेल? तिनं न बोलता सांगितलं होतं, संपलं तुझं. संजीवनीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"माधव," ती म्हणाली, "सांग तिला, आण म्हणावं भट्टी. माझं येसर गेलं. नलिनीबाईंनी सुद्धा रिकामा डबा पाठवला. मी आपली मंदिरापाशी खोली बघते."

अक्कांचा रडवेला आवाज ऐकून शर्वरी ओले कपडे तसेच टाकून धावत आली. दारातच ती थबकली. तिनं मोठा श्वास घेतला आणि अबोला विसरून सरळ म्हणाली,

"रिकामा? अक्का, अख्ख्या घरात सोनचाफा घमघमायलाय!"

संजीवनीनं तिच्याकडे बघितलं, मग माधवकडे. माधव मान हलवत होता, "हो वैनी. मी म्हणलं अत्तर सांडलं का काय."

संजीवनीनं डबा उचलून तोंडाशी नेला. पुन्हा नेला. अगदी नाक आत खुपसून श्वास ओढला. पाणी हुंगावं तसं झालं. काहीच नाही.

शर्वरी फडताळाकडे गेली. हिंगाची डबी उघडली आणि संजीवनीच्या मागून तिच्या नाकाशी धरली. "अक्का, डोळे मिटा. हे काय हाय?"

शेजारच्या घरातली भजी ओळखणारी ती बाई बराच वेळ विचार करत राहिली. "मीठ?" तिनं विचारलं.

संजीवनीनं डोळे उघडले, हिंगाची डबी बघितली, आणि एका झटक्यात तिला सगळं उमगलं. धने निबर नव्हते. जात्याला काही झालं नव्हतं. पोरीनं काही केलं नव्हतं. वास इतका सावकाश, दिवेलागणीच्या उजेडासारखा, कमी कमी होत गेला होता की अंधार पडल्याचं तिला कळलंच नाही.

"आणि मी तुला खोटारडी म्हणलं," ती शर्वरीला म्हणाली.

"म्हणलं ते म्हणलं. आधी दवाखान्यात चला."

तेवढ्यात शर्वरीच्या फोनवर घरपेठेची सूचना वाजली. कीड पसरू नये म्हणून ताजी फुलं वाहून नेता येत नाहीत, तेव्हा वाटेतल्या तपासणीत परत डब्यातून एक फूल काढून घेतलं आहे, असं तीत लिहिलं होतं. फूल काढून घेतलं, पण वास काढून घ्यायचं यंत्र अजून निघालेलं नव्हतं.

लातूरच्या डॉक्टर हुमेरा काझी तरुण होत्या आणि घाई न करणाऱ्या होत्या. वास जाण्याची कारणं पुष्कळ असतात, त्यांनी सांगितलं. जुनी सर्दी, नाकात वाढलेलं मांस, कधी नुसतं वय. त्यांनी ती एकेक तपासून बाजूला ठेवली. मग विचारलं, "तुम्ही घरपेठेचे डबे स्वतः बंद करता ना? झाकण इतकी वर्षं तुम्हाला वजा करत आलंय. ते वजा केलेलं मी बघू का?"

"त्यात काय बघण्यासारखं हाय? माझा घामच की."

"तोच बघायचाय."

संजीवनीनं अंगठा टेकवला. पडद्यावर तिचीच गंधरेषा आली, एका डब्यामागून दुसऱ्या डब्याची. डॉक्टरांनी समजावलं, की काही आजार त्वचेवरच्या तेलाचा वास बदलतात. माणसाला जाणवत नाही इतका, पण प्रथिनांच्या चकतीला कळतो इतका. कंपवात त्यातलाच एक. हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी तो नाकापासून सुरुवात करतो. हात थरथरल्यावर लोक दवाखान्यात येतात, तोवर मेंदूतल्या त्या पेशी निम्म्याहून जास्त मेलेल्या असतात. "इथं बघा, हा एक उंचवटा. जुन्या डब्यांत नाही. मग इथं हलकाच उमटलाय, आणि पुढं वाढत गेलाय. बाकीच्या तपासण्या करूच, पण मला दिसतंय ते हेच."

संजीवनीनं आपले दोन्ही हात समोर धरून बघितले. ते स्थिर होते.

"आज आलात म्हणून सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "या टप्प्यावर त्याला अडवणारं औषध आता आपल्याकडे आहे. पेशी वाचवता येतात. उशीर झाला असता तर मला हे म्हणता आलं नसतं."

"नाक परत येईल?"

"बहुतेक नाही. खोटी आशा देत नाही. पण हात राहतील."

संजीवनी हसली. "हात राहतील म्हणता, मग अजून काय पाहिजे? नाक तर माझं उगीच सगळ्यांच्या घरात शिरायचं."

परतीच्या वाटेवर तिनं नलिनीबाईंना फोन लावला. डब्याची सगळी हकीकत सांगितली. "बाई, तुमच्या फुलानं वाचवलं मला. कसे पांग फेडू?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "अगो, गुडघे दुखतात म्हणून बाजारात गेले नाही. दारातलं एक फूल टाकलं नि हळहळत बसले, इतकंच कसं पाठवायचं म्हणून."

"येसर बिघडलं होतं ते कळलं नव्हतं का तुम्हाला?"

"न कळायला काय झालं? लवंगेनं जीभ भाजायची माझी. पण माहेरचं माणूस आजारी दिसलं म्हणून माहेर बदलतं होय कुणी?"

घरी आल्यावर संजीवनी स्वतःच म्हणाली, "शर्वरी, भट्टी मागव. रागानं नाही म्हणत. नाक नाही तर कसं करणार?"

शर्वरीनं आधीच विचार करून ठेवला होता. "भट्टीला जुनी रेघ पाठ येईल, अक्का. पण धने दर वर्षी वेगळे येतात. कधी ओलसर, कधी बारीक. या धन्यांना कसं भाजायचं ते भट्टी कुणाला विचारणार? मला तुम्हाला विचारता येतं. नाक माझं घ्या, बाकी सगळं तुमचं."

"तुझं नाक शिकलेलं नाही."

"मग शिकवा की. आता बोलायलाव आपण."

शिकवणं सोपं नव्हतं. वास दाखवता येत नाही, सांगावा लागतो, आणि सांगायला शब्द लागतात. संजीवनीला आयुष्यभर वास आले, पण तिनं त्यांना नावं दिली नव्हती. आता कढईवर शर्वरी वाकायची आणि संजीवनी तिच्या चेहऱ्याकडे बघत विचारायची, "काय म्हणायलेत?"

"ओल्या मातीसारखे."

"गप्प हायेत. हलव. आता?"

"आता जरा... लिंबाच्या सालीसारखं काहीतरी, अक्का."

"हसले?"

"हसले नाहीत. गालातल्या गालात."

"मग थांब. हात थांबवू नको, तू थांब."

आणि मग एका क्षणी शर्वरीच्या डोळ्यांतच ते उमटायचं. संजीवनी ते बघून, ती बोलायच्या आधीच कढई उतरवायची. पहिले दोन घाणे रडले. तिसरा हसला. देवीचा वाटा काढून मग दोघींनी चिमूटभर जिभेवर ठेवलं. संजीवनीला तिखट कळलं, खारट कळलं. उरलेलं तिनं शर्वरीच्या तोंडाकडे बघून चाखलं.

जुनी रेघ काही तंतोतंत जुळली नाही. शर्वरीनं घरपेठेवर सरळ लिहिलं, की अक्कांचं नाक आता माझं आहे, येसर थोडं वेगळं लागेल, नवी रेघ धरा. काही गिऱ्हाइकं परतली, काही नाही परतली. औषध सुरू झालं, ते लागू पडलं. वर्षभरानं डॉक्टर काझींनी पुन्हा ते वजा केलेलं उघडून बघितलं. तो उंचवटा जिथं होता तिथंच थांबला होता.

त्या दिवशी लातूरहून आल्या आल्या संजीवनीनं चूल पेटवली. ताज्या येसराचा डबा गुहागरसाठी भरला. झाकण लावताना शर्वरीचा हातही डब्यावर होता. झाकणानं नेहमीप्रमाणे विचारलं, "माणूस वजा करू?"

संजीवनीचं बोट सवयीनं 'हो'कडे गेलं आणि वाटेत थांबलं. इतकी वर्षं ती स्वतःला वजा करून येसर पाठवत आली होती, आणि तिचा जीव वाचला तो त्या वजा केलेल्यातूनच.

"राहू दे," ती शर्वरीला म्हणाली, आणि तिनं 'नाही' दाबलं.

डबा गुहागरला पोचला त्या सकाळी फोन आला. नलिनीबाई हसत होत्या की रडत होत्या ते कळेना.

"अगो संजीवनी, हे झाकण काय दाखवतंय बघ. रेघ जुळते का ते सांगायचं सोडून म्हणतंय, येसर आणि सोबत दोन माणसं." त्यांनी दम घेतला. "दोघी आल्यात म्हणायच्या माझ्याकडे. आता डबा परत पाठवताना मी त्यात काय घालू, सांग?"

"काही घालू नका, बाई," संजीवनी म्हणाली. "या वेळी झाकणानं 'माणूस वजा करू?' विचारलं की 'नाही' सांगा आणि खरंच रिकामा पाठवा."